अक्कांना ऐकायचं होतं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागल्या अंगाला धुलाईघर होतं. खिडक्या होत्या, पण वाफेने कायमच्या आंधळ्या झालेल्या. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे ढकलगाड्यांतून खाली यायचे आणि धुऊन, वाळून, कडक होऊन पुन्हा वर जायचे. अक्कांचं काम गरम रुळांच्या यंत्रावर. चादर दोघींनी दोन बाजूंनी धरायची, झटकायची, काठ सरळ करायचा आणि रुळांच्या तोंडी द्यायची. पलीकडून ती सपाट होऊन आली की पुन्हा दोघींनीच घडी घालायची. काम करताना समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघायचं नाही, हसू फुटतं आणि चादर तिरकी जाते, असं अक्का नव्याने लागलेल्या मुलींना बजावायच्या, आणि बजावता बजावता आधी त्याच हसायच्या.

त्यांचा नवरा शहराबाहेरच्या एका गोदामावर रात्रपाळीचा चौकीदार होता. ट्रकवाले, हमाल, हिशेबनीस, सगळे त्यांना मामा म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. अक्काही कधी लाडात आल्या की म्हणायच्या, "काय मामा, आज स्वारी खुशीत?" आणि मामा वैतागायचे. "जगाचा मामा आहे तो पुरे. घरात तरी नवरा राहू दे." दिवसा अक्का कामावर, रात्री मामा. एकाच घरात राहून दोघांची खरी भेट सुट्टीच्या दिवशी. तरी संसार गोडीचा होता. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. मामांचे धाकटे भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि वहिनीच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय त्यांची संध्याकाळ सरत नसे. मामांच्यात एकच खोट होती. मन आभाळाएवढं, पण राग नाकाच्या शेंड्यावर. यायला वेळ नाही, जायलाही नाही.

थंडी कडाक्याची पडली होती त्या दिवसांतली गोष्ट. सकाळची पाळी नुकती सुरू झाली होती. मुकादमबाई आल्या आणि त्यांनी रुळांचं यंत्र बंद केलं. ते यंत्र पाळीच्या मधे कधी बंद होत नसे. बंद झाल्यावर धुलाईघरात इतकी शांतता पसरली की कुठल्याशा नळाची टिपटिप ऐकू यायला लागली. मुकादमबाईंनी अक्कांच्या हातातली चादर काढून घेतली आणि म्हणाल्या, "अक्का, वर चला. तुमचे दीर आलेत."

माल उतरवायच्या ओट्याखाली मामा पडलेले सापडले होते. डोकं फुटलेलं. सकाळी पहिला ट्रक आला तेव्हा ड्रायव्हरला दिसले. तोवर सगळं संपलं होतं.

संशय कुणावर घ्यायचा हे शोधायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. गोदामात परदेशातून आलेला एक हमाल होता. येऊन काहीच महिने झाले होते, भाषा येत नव्हती, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव मुका पाडलं होतं. त्या सकाळपासून मुका बेपत्ता होता. बसस्थानकावर पकडला गेला तेव्हा त्याच्या अंगात मामांचा जाड कोट होता. पोलिसांनी अक्कांना कोटाचा फोटो दाखवला. "हा तुमच्या मिस्टरांचाच ना?" अक्कांनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत बातमी आली की मुक्याने गुन्हा कबूल केला, कागदावर सहीसुद्धा केली.

वस्तीत संताप उसळला. परक्यांना हाकला म्हणून मोर्चा निघाला, आणि पुढे होते अक्कांचे दीर. अक्का खिडकीतून बघत होत्या. मोर्चात मामांना ओळखणारे थोडे आणि न ओळखणारे फार, एवढंच त्यांच्या मनात आलं. बाकी काही विचार करायचं त्राण नव्हतं.

मग एक दिवस भाऊजी तपास अधिकाऱ्याला घेऊन घरी आले.

"वहिनी, एकदाची ब्याद टळली," ते दारातूनच म्हणाले.

अधिकारी खुर्चीच्या कडेवर बसला. माणूस वाईट नव्हता, त्याला लवकर निघायचं होतं इतकंच. म्हणाला, "त्याचा इथे राहायचा परवाना संपलेला निघाला. त्यामुळे खटल्याच्या भानगडीत न पडता सरळ हद्दपार करता येतं. तसं वरून ठरलंय. हद्दपार होणाऱ्यांची पुढची तुकडी जाईल तिच्याबरोबर विमानात बसवणार. तुमच्या कोर्टाच्या खेपा वाचल्या."

"आणि तिकडे गेल्यावर?" अक्कांनी विचारलं.

"तिकडे म्हणजे?"

"तिकडे त्याला शिक्षा होणार?"

"ते आता त्यांच्या देशातले बघतील."

"म्हणजे तो आपल्या घरी जाणार."

अधिकाऱ्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, इथून तोंड काळं करतोय ना, बस झालं. पुन्हा पाऊल ठेवायची सोय नाही त्याला."

"त्याने कबूल केलं म्हणता. का मारलं म्हणाला?"

"चोरीच्या उद्देशाने," अधिकारी म्हणाला.

"गोदामात खोकी असतात, साहेब. फ्रिजएवढी खोकी. ती काय खांद्यावर टाकून बसने नेणार होता?"

"कोट नेला ना."

"कोटासाठी माणूस मारला?" अक्का स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आणि यांना मारलं कसं? ओट्यावर की खाली? लगेच गेले की पडून राहिले? काही बोलले का?"

"जबाबात एवढं नसतं, बाई. चारच ओळी आहेत."

पाहुणे गेल्यावर अक्का कितीतरी वेळ त्याच जागी बसून होत्या. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्याच्या शेवटाच्या चार ओळी. त्याही दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या. आणि त्या सकाळी तिथे असलेला एकुलता एक माणूस उद्या-परवा विमानात बसणार. मग जन्मभर कुणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात चादर धरता धरता त्यांनी हे समोरच्या बाईला सांगितलं. ही त्यांची जोडीदारीण जुनी, फटकळ तोंडाची. ती म्हणाली, "मग इथे मला काय सांगत बसलीस? कोर्टात जा. पेपरात आलंय, त्याला सरकारने वकील दिलाय, आणि तो वकील हद्दपारी थांबवा म्हणून भांडतोय. शिव्या घालतायत लोक त्याला."

अक्का आधी सरकारी वकिलांकडे गेल्या. त्यांनी नीट बसवून ऐकून घेतलं आणि वरच्या निर्णयापुढे आपलं काही चालत नाही, असं सांगितलं. तेव्हा अक्का कोर्टाच्या बोळकांडीत मुक्याच्या वकिलाला शोधत निघाल्या. तो एका बाकावर बसून पाव खात होता. अक्कांना त्याने पेपरातल्या फोटोवरून ओळखलं असावं, कारण तो ताडकन उठला आणि फाईल छातीशी धरून उभा राहिला, ढाल धरावी तसा. मागून एखादा दगड येतोय का हेही त्याने बघून घेतलं.

"बसा," अक्का म्हणाल्या. "मी मारायला आले नाही. पाव खा आधी."

"बाई, खरं तर तुम्ही सरकारी वकिलांशी बोलायला हवं."

"तिकडूनच आले. त्याला इथून जाऊ देऊ नका, एवढं सांगायला आले."

वकिलाने पाव कागदात गुंडाळला. "तुमचा गैरसमज व्हायला नको म्हणून आधीच सांगतो. खटला चालला तर मी त्याला सोडवण्यासाठी जिवाचं रान करणार."

"करा की. तुमचं कामच आहे ते."

"मग तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

वकील म्हणाला, "आज तरी आपण एकाच बाजूला आहोत म्हणायचं."

"आजच्यापुरतं," अक्का म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश एक वयस्क बाई होत्या. सर्दीने नाक लाल झालेलं, हातात रुमाल. सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं की विनापरवाना राहणाऱ्याला देशाबाहेर काढण्याचा सरकारला अधिकार आहे आणि लोकभावना तीव्र आहे. मुक्याचा वकील म्हणाला, अधिकार असेल, पण या माणसावर खुनाचा आरोप आहे. न ऐकता पाठवलं तर तो खुनी म्हणून जाईल आणि खुनी म्हणूनच मरेल. त्याला स्वतःला आपली बाजू मांडायची आहे. न्यायाधीशबाईंनी शिंक आवरली आणि विचारलं, मृताच्या घरचं कुणी आलंय का.

अक्का उठल्या. मागच्या रांगेतून भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, बसा." पण आता उठून झालं होतं.

"बाईसाहेब, मला कायद्यातलं कळत नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्ही म्हणता याने मारलं. असेल. मग मारणाऱ्याला सरकारी विमानाने घरी कशाला पोचवता? आणि याने मारलं नसेल, तर ज्याने मारलं तो इथेच मोकळा हिंडतोय. कसंही झालं तरी माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. याला बोलू द्या. खोटं बोलला तरी चालेल. माझा माणूस मला माहीत होता. त्याच्याबद्दल खोटं बोललेलं मला कळेल."

बराच वेळ काही लिहून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी हुकूम वाचला. खटला पूर्ण होईपर्यंत आरोपीला देशाबाहेर न्यायचं नाही, आणि त्याची भाषा येणारा दुभाषी प्रत्येक वेळी हजर असलाच पाहिजे.

बाहेर आल्यावर भाऊजी जिन्याशी थांबले होते. "दादाच्या खुन्याला तुम्ही हात धरून थांबवून घेतलंत," ते म्हणाले. "आता मला त्या घरी चहाला बोलावू नका." आणि ते चालते झाले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं अक्कांनाही म्हणता येईना. पण मागे फिरावं असंही वाटेना.

पुढचे महिने जरा जडच गेले. वाण्याच्या दुकानात अक्का शिरल्या की चाललेलं बोलणं बंद पडायचं आणि सगळे डब्यांवरच्या किमती वाचायला लागायचे. शेजारीण भेटली की नेमकं तिला घरात दूध उतू जात असल्याचं आठवायचं. लेकीचे फोन यायचे. "आई, तू वकील कधी झालीस गं?" असं ती चिडून म्हणाली होती. पण खटला उभा राहिला तेव्हा तीच रजा काढून आली आणि आईशेजारी बाकावर बसली.

मुक्याला आणलं तेव्हा अक्कांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे इतके दिवस कुणी धिप्पाड, दांडगा माणूस होता. हा तर किरकोळ निघाला. कान तेवढे मोठे, पुढे आलेले. त्याच्याशेजारी दुभाषी बाई बसल्या. त्या त्याच्याच देशातल्या, फार वर्षांपूर्वी इथे येऊन शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. कोर्टात बोललेला प्रत्येक शब्द त्या त्याच्या कानाशी हळू आवाजात सांगत होत्या. नाव विचारल्यावर तो उत्तर द्यायला उठला आणि अख्खं कोर्ट चपापलं. आवाज असा भरदार, घुमणारा, की रेडिओवर बातम्या सांगाव्यात. गोदामातले जे साक्षीदार आले होते तेही एकमेकांकडे बघायला लागले. महिनोन् महिने सोबत काम करून त्यांनी तो आवाज ऐकलेलाच नव्हता.

पहिल्यांदा निघाला तो कबुलीजबाब. आरोपीच्या वकिलाने तपास अधिकाऱ्याला विचारलं, जबाब घेताना दुभाषी होता का?

"नव्हता. मिळाला नाही."

"मग प्रश्न कसे विचारलेत?"

"खाणाखुणांनी समजावलं. त्याला कळत होतं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "चोरीच्या उद्देशाने खून केलास का, हे खाणाखुणांनी कसं विचारतात? जरा दाखवा."

अधिकाऱ्याने हात अर्ध्यापर्यंत वर नेले आणि तिथेच थांबला. मागे कुणीतरी खुसखुसलं. अक्कांना हसू आलं नाही. मामांच्या त्या चार ओळी आल्या कुठून, हे त्यांना आता कळलं. जबाब बाजूला ठेवला गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याची जखम ओट्याखालच्या काँक्रीटवर आपटून झाली असावी. जबड्यावर ठोशाचा वळ होता. वेळेवर मदत मिळाली असती तर वाचले असते का, यावर ते म्हणाले, सांगता येत नाही.

मग सरकारी वकिलांनी कोट पुढे केला. पारदर्शक पिशवीत घडी करून ठेवलेला. त्यांचं म्हणणं असं की आरोपीने मरणाऱ्या माणसाच्या अंगातून कोट ओरबाडून घेतला, यावरूनच चोरीचा हेतू उघड होतो. मामांच्या कोटाकडे अक्का बघत राहिल्या. वरून दुसरं बटण त्यांनीच निळ्या दोऱ्याने लावलेलं, घरात काळा दोरा नव्हता म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत लेकीने डबा उघडला, पण अक्कांनी घासाला हात लावला नाही.

"तो कोट त्यांच्या अंगात नव्हताच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"थंडी सुरू झाली तेव्हाच हरवला होता. बसमध्ये विसरलो म्हणाले. मी किती बोलले त्यांना. मग माळ्यावरचा जुना काढून दिला. गेले त्या दिवशी तोच होता अंगात. इस्पितळातून कपडे दिले त्यात तोच आला ना परत."

लेकीने डब्याचं झाकण लावलं. "मग तू पोलिसांना सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. आणि मला सुचलं नाही. त्यांचाच का म्हणाले, मी हो म्हटलं."

मग लेक हळूच म्हणाली, "आई, आता तरी सांगायलाच हवं का? तुला परत कुणी विचारायला येणार नाही."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. लेक बापाची लाडकी. तिचा काय दोष? त्यांच्याही मनात क्षणभर तेच येऊन गेलं होतं. सांगितलं तर कदाचित हा सुटेल. न सांगितलं तर कुणाला कळणारही नाही, भाऊजी पुन्हा चहाला येतील, वाण्याच्या दुकानात लोक बोलतील. तोंड मिटून बसणं किती सोपं होतं.

"त्याला बोलू द्या म्हणून मी एवढा हट्ट धरला," त्या म्हणाल्या. "आता मीच तोंड शिवून बसू?"

त्यांनी सरकारी वकिलांना गाठून सगळं सांगितलं. सरकारी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे मला कोर्टापुढे ठेवावंच लागेल," ते शेवटी म्हणाले. "ठेवलं की माझा खटला लंगडा होतो, हे तुम्हाला समजतंय ना?"

"तुम्ही तो लंगडाच चालवा," अक्का म्हणाल्या. "खोट्या पायांवर नको."

साक्षीच्या पिंजऱ्यात अक्कांनी कोटाची हकीकत सांगितली. हे आधी का नाही सांगितलंत, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "तेव्हा मला माझं नाव विचारलं असतं तरी आठवलं नसतं, बाईसाहेब." मागच्या रांगेतून कुणीतरी उठून गेल्याचा आवाज आला. न बघताही त्यांना कळलं, ते भाऊजी होते.

त्यानंतर मुक्याची पाळी आली. तो बोलायचा आणि दुभाषी बाई एकसुरात सांगायच्या, म्हणून कोर्टाला दोनदा ऐकावं लागायचं, एकदा आवाज आणि एकदा अर्थ.

त्याला राहायला जागा नव्हती. गोदामाच्या मागे रिकाम्या खोक्यांत झोपताना मामांनी त्याला पकडलं. शिव्या दिल्या असाव्यात, त्याला कळल्या नाहीत. मग आत बोलावलं. त्या दिवसापासून तो रात्री आत झोपायचा, ट्रक यायच्या आधी बाहेर पडायचा. कोट मामांनीच अंगावर टाकला. मालकाला हे माहीत नव्हतं.

"मामा फार बोलायचे," दुभाषी बाई सांगत होत्या. "मला काही समजायचं नाही. मी मान हलवायचो. त्यांना ते आवडायचं."

अक्कांच्या डोळ्यांना धार लागली ती इथे. रात्रभर जागणारा माणूस, घरी यायचा तेव्हा बायको कामाला निघालेली. ऐकायला कोण होतं त्यांना? आणि कोट दिला म्हणून सांगायचं सोडून, आपण रागावू म्हणून बसमध्ये हरवल्याची थाप मारली. त्या हसत होत्या की रडत, हे लेकीलाही कळेना.

त्या सकाळी मालक तपासणीला येणार होता, हे त्याला फार नंतर वकिलाकडून कळलं. मामा घाबरे झाले होते, सारखं जा, जा म्हणत होते. पण मुक्याची पिशवी आतल्या खोलीत कुलपात राहिली होती. पिशवीत त्याचं सगळं होतं. तो हाताने सारखं तिकडे दाखवत होता. मामांना वाटलं असावं, हा जायला नाही म्हणतोय. ते ओरडायला लागले. मग काठी उचलली. खांद्यावर एक बसली, पाठीत दुसरी.

अक्कांनी मान खाली घातली. हे खोटं नव्हतं. तो राग त्यांच्या ओळखीचा होता.

"तिसऱ्यांदा काठी उगारली तेव्हा मी त्यांना ठोसा मारला. ते मागे गेले. मागे ओटा संपत होता."

तो खाली उतरला. मामांच्या डोक्याखाली स्वतःचा मफलर घातला. मदतीसाठी हाका मारल्या, आपल्या भाषेत. कुणी आलं नाही.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. "मग पळून का गेलात?"

"मामा शुद्धीवर होते. त्यांनीच मला जा म्हणून सांगितलं. तो शब्द मला येतो. मला चारच शब्द यायचे, उचल, ठेव, चल आणि जा."

"फक्त जा म्हणाले?"

"अजून काही म्हणाले. हळू."

"तुम्हाला जसं ऐकू आलं तसं म्हणून दाखवा. अर्थ नको."

मुक्याने डोळे मिटले. त्याचा भरदार आवाज खाली आला, दुसऱ्या कुणाचा तरी झाला. "जाऊ नको," तो म्हणाला. "जाऊ नको."

दुभाषी बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कोर्टात सांगण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांना समजलं होतं. ज्याला समजलं नव्हतं तो एकटाच होता. तो दुभाषी बाईंकडे बघत राहिला. शेवटी त्यांनी वाकून त्याच्या कानात सांगितलं. तो खुर्चीत बसला तो त्या दिवशी पुन्हा उठू शकला नाही. कामकाज तिथेच थांबवावं लागलं.

निकालात खुनाचा आरोप टिकला नाही. भांडणाच्या भरात, मारण्याचा हेतू नसताना त्याच्या हातून मृत्यू घडला, आणि जखमी माणसाला तसंच टाकून तो गेला, या दोन्हींची शिक्षा म्हणून काही वर्षांची कैद. ती भोगून झाली की देशाबाहेर. कुणीच खूश झालं नाही. वस्ती म्हणाली, स्वस्तात सुटला. त्याचा वकील म्हणाला, मारहाण आधी झाली होती हे पुरेसं धरलं नाही, वरच्या कोर्टात जाईन. सरकारी वकिलांनी फायली आवरल्या आणि अक्कांना मान लववून ते निघून गेले.

दुभाषी बाई अक्कांजवळ आल्या. "त्याला तुम्हाला काही सांगायचंय."

"आज नको," अक्का म्हणाल्या. "माझ्याच्याने आज आणखी ऐकवणार नाही."

घरी जाताना बसमध्ये लेकीने विचारलं, "माफ केलंस त्याला?"

"नाही गं," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांच्यावरही रागच आहे माझा. काठी कशाला उगारायची?" आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्या पुन्हा रुळांच्या यंत्रावर जायला लागल्या. जोडीदारणीने सुरुवातीचे काही दिवस जिभेला लगाम घातला, मग तो आपसूक सुटला. वाण्याच्या दुकानातही हळूहळू बोलणं सुरू झालं, आधी हवेवर, मग महागाईवर. भाऊजी मात्र आले नाहीत. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जायचे.

ऊन पडायला लागलं होतं त्या दिवसांत, एका सुट्टीच्या दुपारी, दार वाजलं. अक्कांनी उघडलं तर भाऊजी. वाळलेले दिसत होते. आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. अक्कांनी चहा टाकला. कप अर्धा झाल्यावर भाऊजी कपातच बघत म्हणाले, "मी त्या दिवशी उठून आलो. पुढचं मी ऐकलंच नाही."

"हो."

"लोक काहीबाही सांगतात. एक असं सांगतो, दुसरा तसं. पेपरात आलं ते मी फाडून टाकलं." त्यांनी कप बशीत फिरवला. "वहिनी, दादा पडल्यावर... काही बोलला का?"

अक्कांनी स्वतःचा कप खाली ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सांगायला लागल्या. खोक्यांत झोपलेल्या माणसाला मामांनी पकडलं तिथून सुरुवात केली आणि मधलं काही गाळलं नाही, काठीसुद्धा.